सुटायला शिकलेली मावशी

माझी मावशी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. बाजारातल्या एका मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर शिवणखाना आहे, तिथलं खिडकीजवळचं मशीन तिचं. अंगाने भरलेली, बोलायला फटकळ, आणि एकदा हसायला लागली की पेडलवरून पाय काढावा लागतो, नाहीतर शिवण वाकडी जाते. तिला घाबरलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. झुरळ चपलेने मारते, तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवते आणि दाताच्या डॉक्टरकडे जाताना सोबत आलेल्या काकांनाच धीर देते.

अशा बाईला एका ड्रेसने रडवलं.

काकांच्या ऑफिसातले साहेब निवृत्त होणार होते. निरोपाच्या कार्यक्रमाला जायचं म्हणून मावशी नवा ड्रेस घ्यायला गेली. दुकानातल्या मुलीने अदबीने विचारलं, एक माप मोठं देऊ का. मावशी म्हणाली, काही गरज नाही. ट्रायल रूममध्ये तिने तो ड्रेस डोक्यावरून घातला. खांद्यांपर्यंत आला आणि तिथेच बसला. दोन्ही हात वर, कोपरं कानांना चिकटलेली, तोंडावर कापड. वर जाईना, खाली येईना. आधी तिला हसू आलं. मग श्वास घेताना कापड नाकात ओढलं गेलं आणि हसू पळालं. तिने धडपड केली तशी शिवण आणखी आवळली. मग ती ओरडली. दुकानातल्या बायका धावल्या, कुणी वरून ओढलं, कुणी खालून, आणि शेवटी कात्री आणून ड्रेस कापावा लागला. मावशी बाहेर आली तेव्हा तिचे केस उभे होते, डोळ्यांत पाणी होतं आणि सगळं दुकान ट्रायल रूमच्या दाराशी जमलं होतं.

घरी येऊन तिने हा किस्सा रंगवून सांगितला. आम्ही पोट धरून हसलो, तीही हसली. पण दुसऱ्या दिवशी तिला डोक्यावरून स्वेटर घालवेना. आंघोळीला जाताना ती कडी लावेना. हे घरात खपून गेलं, कामावर मात्र पंचाईत झाली. मोठ्या सोफ्याचं कव्हर उलट्या बाजूने शिवतात. शिवून झालं की कुणीतरी त्यात खांद्यापर्यंत शिरायचं, पार टोकाचे कोपरे आतून धरायचे आणि कव्हर सुलटं करत बाहेर यायचं. हे काम मावशीचं. तिचे हात लांब. आता ती कव्हराच्या तोंडाशी उभी राहायची आणि तिच्या छातीत धडधडायला लागायचं. आज पाठ दुखतेय, आज मान धरलीय, असं सांगून ती ते शेजारच्या मशीनवालीकडे सरकवायची. सबबी संपत आल्या होत्या.

डॉक्टरांनी सांगितलं, होतं असं, अडकायला होईल अशा जागा काही दिवस टाळा. मावशीला टाळणं पटलं नाही. आज स्वेटर टाळला, उद्या कव्हर टाळलं, मग परवा काय, पांघरूण टाळायचं?

त्याच सुमारास तिने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. एका माणसाला साखळ्या, पट्टे, कुलपं यांनी आवळून टांगलं होतं आणि तो त्यातून सुटत होता. काका म्हणाले, काहीतरी हातचलाखी असणार. मावशी त्याच्या हातांकडे बघतच नव्हती. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याला कसलीच घाई नव्हती. बसची वाट बघत उभा असावा, असा चेहरा.

"मला हे शिकायचंय," ती म्हणाली.

काकांना वाटलं, तिला मोबाइलमधलं काहीतरी शिकायचंय.

साखळ्या घरात नव्हत्या. पण बांधायला घरात काय कमी असतं? मावशीने पलंगावर सामान मांडलं: गाऊनचा पट्टा, पडद्याची दोरी, काकांचे जुने टाय, बुटांच्या नाड्या, कपडे वाळत घालायची दोरी, उशांचे अभ्रे. स्वतःचे हात स्वतः बांधून पाहिले, पण त्यात गंमत नव्हती. जी गाठ आपण मारली ती कुठे सुटते ते आपल्याला ठाऊकच असतं. मग तिने काकांना बोलावलं.

काका एका सर्व्हे ऑफिसात नकाशे काढतात. माणूस इतका मऊ की पेन्सिलसुद्धा टेबलावर अलगद ठेवतात. त्यांनी गाऊनचा पट्टा तिच्या मनगटांभोवती गुंडाळला, दर वेढ्याला लागतंय का म्हणून विचारलं आणि वर छानपैकी फुलासारखी गाठ मारली. मावशीने हात सरळ बाहेर काढले.

"अहो, मला भेट म्हणून देताय का कुणाला?"

बाल्कनीजवळच्या खुर्चीत तात्या बसले होते. तात्या म्हणजे काकांचे वडील, मावशीचे सासरे. बायको गेल्यापासून ते ह्यांच्याकडेच राहत. मावशीचं आणि त्यांचं भांडण कधीच नव्हतं; बोलायला विषय नव्हता, इतकंच. जेवलात का, हो. गोळी घेतलीत का, हो. बाकी दिवसभर ते पेपर वाचत, आणि पेपर संपला की पेपरमागे बसून राहत. त्या दिवशी पेपर खाली आला.

"ही गाठ आहे?" तात्या म्हणाले. "असं कपाट बांधलं असतं तर पहिल्याच वळणावर रस्त्यात पडलं असतं."

तात्यांची उभी हयात घरसामान हलवणाऱ्या कंपनीत गेली होती. कपाटं, फ्रीज, आरसे, एकदा तर पियानो. लोकांची घरं बांधायची, ट्रकमध्ये रचायची आणि दुसऱ्या गावी जशीच्या तशी उतरवायची. निवृत्त झाल्यावर घरात बांधण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते उठले, गाऊनचा पट्टा काकांच्या हातातून काढून घेतला आणि सुनेला म्हणाले, कपडे वाळत घालायची दोरी आण, आणि स्वयंपाकघरातली ती हात नसलेली खुर्ची.

बांधण्याआधी त्यांनी एक गोष्ट सांगून ठेवली. त्यांच्या कामात एक शब्द होता, 'उतरवा'. तो कानावर पडला की कारण विचारायचं नाही, माल तसाच खाली ठेवायचा. मावशीला नको वाटलं की तिने तेवढंच म्हणायचं.

मग त्यांनी तिला खुर्चीला बांधलं. हात भराभर चालत होते, चेहऱ्यावर वर्षांनुवर्षांत न दिसलेली टवटवी होती. मावशी आधी हसत होती. शेवटचा वेढा बसला आणि तिने खांदा हलवून पाहिला. हलला नाही. कोपर हलवलं, तेही नाही. तिच्या कपाळावर घाम फुटला, तोंड कोरडं पडलं, ट्रायल रूममधलं कापड पुन्हा नाकाशी आलं.

"उतरवा," ती कशीबशी म्हणाली.

तात्यांनी दोरीचं एक टोक ओढलं आणि सगळे वेढे तिच्या पायाशी पडले. एका ओढीत सुटणारीच गाठ त्यांनी मारली होती. मावशी खुर्चीतच बसून रडली, जास्त नाही, थोडं. तात्या आत गेले आणि पाणी घेऊन आले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सासऱ्यांनी तिला पाणी आणून देण्याची ही पहिलीच वेळ. तिने ग्लास रिकामा केल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, उद्या? ती म्हणाली, उद्या.

सुरुवातीचे काही दिवस सुटण्याचा प्रश्नच नव्हता. नुसतं बांधून घ्यायचं, बसायचं आणि असह्य झालं की 'उतरवा' म्हणायचं. पण तो शब्द रोज थोडा उशिरा यायला लागला. एकदा तर ती बांधलेल्या अवस्थेत काकांशी भाजी कुठली आणायची यावर वाद घालत बसली आणि शब्द विसरलीच.

मग तिला सुटावंसं वाटायला लागलं. तिने खूप आचके दिले, खुर्ची सरकत सरकत फ्रीजपर्यंत गेली, पण तात्यांची दोरी तसूभर ढिली झाली नाही. शेवटी तिने विचारलं, तात्या, तुम्ही बांधलेलं सामान कधी सुटलंच नाही का? तात्यांना हा प्रश्न आवडला नाही. त्यांनी दोरीचं टोक पुन्हा एकदा तपासलं. मग म्हणाले, "गादी."

कपाट गुमान राहतं, त्यांनी समजावलं. जसं बांधाल तसं. गादी लबाड असते. बांधताना फुगलेली असते, वाटतं काय घट्ट बांधलीय. गाडी हलली की ती हळूहळू हवा सोडते, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत दोरी लोंबत असते. आयुष्यात त्यांना छळलं ते गाद्यांनी.

सासरा आणि सून एकमेकांकडे बघत राहिले.

"म्हणजे मी गादी व्हायचं," मावशी म्हणाली.

तात्यांनी तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला अवघड जाऊ नये, सूनबाई."

मावशी इतकी हसली की काका आतून धावत आले. तात्यांनी विनोद केला हे त्यांना पटेचना.

तिथून खरं शिक्षण सुरू झालं. बांधून घेताना छाती भरून श्वास घ्यायचा, खांदे रुंद करायचे, कोपरं अंगापासून किंचित लांब ठेवायची. मनगटं एकमेकांना चिकटवून द्यायची नाहीत, जरा तिरकी धरायची. बांधून झालं की हवा सोडायची आणि मग शोधायचं की ढील कुठे आहे. ती कुठेतरी असतेच. ती सापडली की तिलाच हळूहळू सरकवत खांद्याकडे न्यायचं. खांदा सुटला की बाकीचं आपोआप. गादीची युक्ती तात्यांची, पण ढील शोधायला मावशीला कुणी शिकवलं नव्हतं. ती दिवसभर कापडाशी खेळणारी बाई, ढील कुठे लपते हे तिच्या बोटांना आधीपासूनच माहीत होतं. आचके देणं बंद झालं. ती डोळे मिटून, ओठ मुडपून बसायची, आणि थोड्या वेळाने एक हात बाहेर यायचा.

नियम तात्यांनी घातले. गळ्याभोवती काहीही नाही. एकटीने कधीही नाही. मोठी कात्री समोर टेबलावर, दिसेल अशी.

एकेक वस्तूचा स्वभाव कळायला लागला. टाय गुळगुळीत, लगेच सरकतात. बुटाच्या नाड्या चिवट, त्यांना दात लागतात. ओल्या दोरीच्या नादी लागू नये. पलंगपोसात गुंडाळून घेतलं तर हात न वापरता लोळून सुटता येतं, फक्त मधे टीपॉय नको. मग मावशीने दुकानातलं उरलेलं जाड पडद्याचं कापड आणलं आणि एक जाकीट शिवलं. बाह्या हातांपेक्षा लांब, टोकाला बंद, त्या पोटावरून फिरवून मागे दोरीने बांधायच्या. स्वतःसाठी तुरुंग शिवताना तिने आतून अस्तर लावलं आणि मापही मनासारखं मोठं घेतलं.

ते जाकीट घालून ती हॉलमध्ये जमिनीवर पडली होती आणि तात्या मागे बाह्या आवळत होते, तेव्हा पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारा माणूस आला. दार उघडंच होतं. त्याने बांधलेली बाई पाहिली, दोरी घेतलेला म्हातारा पाहिला आणि म्हणाला, मी नंतर येतो. तात्या शांतपणे म्हणाले, ये ये, ती सुटेलच एवढ्यात. तो आला, पण फिल्टरचं काम त्याने भिंतीला पाठ लावून केलं.

त्यानेच खाली काहीतरी सांगितलं असावं. संध्याकाळी समोरच्या दारातल्या बाई आल्या. त्या पूर्वी बँकेत होत्या, म्हणून आम्ही त्यांना बँकवाल्या बाई म्हणतो. त्यांनी काका आत जाईपर्यंत वाट पाहिली आणि मावशीचा हात हातात घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, काही असेल तर मला सांग. मावशीला आधी अर्थच कळेना. कळला तेव्हा तिने बाईंना खुर्चीत बसवलं, तात्यांना हाक मारली आणि जाकीट घालून समोर सुटून दाखवलं. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, हे मला जमेल का. त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून तात्यांनी फक्त मनगटं बांधून दिली. त्या दिवसापासून बाई रोजच्या झाल्या.

कामावरचं कोडं मात्र एका दुपारी गुपचूप सुटलं. शेजारच्या मशीनवालीची सुट्टी होती आणि लांबलचक कोपऱ्याच्या सोफ्याचं कव्हर सुलटं करायचं होतं. मावशी त्याच्या तोंडाशी उभी राहिली, छातीत थोडं धडधडलं, तिने हवा सोडली आणि आत शिरली. बराच वेळ बाहेर येईना म्हणून बाकीच्या बायकांनी हाका मारल्या. आतून आवाज आला, थांबा, गाणं संपवतेय.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती, पण बँकवाल्या बाईंनी गावभर केलं होतं. इमारतीतल्या लोकांनी गच्चीवर एका रविवारी सगळ्यांनी मिळून जेवायचं ठरवलं होतं, त्यात मावशीचा खेळ ठेवला. ज्याने त्याने आपल्या घरातली वस्तू आणायची आणि मावशीला बांधायचं. लोकांच्या अंगात आलं. कुणी पट्टे आणले, कुणी स्कार्फ, कुणी उड्या मारायची दोरी, आणि तळमजल्यावरच्या गृहस्थांनी बागेला पाणी घालायची रबरी नळी आणली. मावशी पंप मारल्यासारखी फुगून उभी राहिली. तात्या शेजारी उभे राहून कुणाला गळ्याकडे जाऊ देत नव्हते.

स्कार्फ पडले, पट्टे पडले, टाळ्या झाल्या. रबरी नळीने घोळ केला. रबर सरकतच नाही, अंगाला धरून बसतं. मावशी शांतपणे हवा सोडत होती, खांदा फिरवत होती, पण ह्याला वेळ लागणार हे दिसत होतं. लोक थोडा वेळ थांबले. मग जेवणाचे वास यायला लागले, एकेक जण ताट घ्यायला उठला, आणि पाहता पाहता सगळी गच्ची जेवायला बसली. मावशीला जागा ठेवा रे, असंही कुणीतरी म्हणालं. शेवटचा वेढा पायाशी पडला तेव्हा बघायला एकटे तात्या होते.

त्यांनी टाळी वाजवायला हात उचलले. डावा आला. उजवा कमरेपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

तात्यांनी तो चटकन खिशात घातला, पण मावशीने पाहिलं होतं. गेले काही आठवडे ते गाठी डाव्या हाताने ओढतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, हे तिला एकदम आठवलं. तिला वाटायचं, आपल्याला सोपं जावं म्हणून ढील देतात.

डॉक्टरांनी तपासलं आणि मानेचा एमआरआय काढायला सांगितला. काका तात्यांना घेऊन गेले आणि दोघे लवकरच परत आले. तात्या म्हणाले, मशीन बिघडलंय. काकांनी स्वयंपाकघरात येऊन खरं सांगितलं. मशीन धडधाकट होतं. तात्या त्या बोगद्याच्या तोंडाशी आडवे झाले, फळी आत सरकायला लागली तशी त्यांनी दोन्ही कडा धरल्या, उठले आणि हॉस्पिटलच्या झग्यातच पाच मजले उतरून तडक रस्त्यापर्यंत चालत गेले. काकांना त्यांचे कपडे घेऊन मागे धावावं लागलं.

मावशीने त्यांना काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावरून एक लांबडा खोका घेऊन आली. फोमचे लोड त्यातून येतात. माणूस आडवा मावेल एवढा. तिने तो हॉलमध्ये ठेवला, दोन्ही टोकं उघडी ठेवली, आत गादी घातली आणि स्वतः त्यात शिरून पडून राहिली. तात्या पेपरवरून बघत होते. बऱ्याच वेळाने ते खुर्ची ओढून खोक्याच्या तोंडाशी येऊन बसले.

तेव्हा त्यांनी ते सांगितलं. कामाला लागले तेव्हा ते अगदी तरुण होते. एका घराचं सामान भरलं, तात्या ट्रकच्या आत मागे बसले आणि दार लागलं. बांधाबांध दुसऱ्याच कुणीतरी केली होती. वाटेत दोरी सुटली आणि गुंडाळलेले गालिचे त्यांच्यावर आले. लागलं नाही, पण हलता येईना. अंधार, तोंडावर गालिचा, वर आणखी गालिचे. ते ओरडले, पण इंजिनापुढे कुणाला ऐकू जाणार? गाडी मुक्कामाला पोचून दार उघडेपर्यंत ते तसेच होते. ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. त्यानंतर मात्र गाडीतली प्रत्येक गाठ ते स्वतः मारायचे, दुसऱ्याने मारलेली सोडून पुन्हा मारायचे.

मावशी खोक्यातूनच ऐकत होती. मग ती सरपटत बाहेर आली आणि खोक्याकडे हात केला.

"आत जाऊन सुटायचं कसं?" तात्यांनी विचारलं.

"सुटायचंच नाही, तात्या. तिथे दोरी कुठे आहे? फुगूच नका. गादी पोचते ना मुक्कामाला, हवा गेलेली, तशी पडून राहायचं."

तात्या पहिल्या दिवशी कमरेपर्यंत आत गेले आणि म्हणाले, उतरवा. मावशीने खोका त्यांच्या अंगावरून ओढून काढला, कारण विचारलं नाही. पुढच्या वेळी छातीपर्यंत. मग पूर्ण. मशीन फार आवाज करतं, म्हणून काकांनी मिक्सर आणला. रिकामा मिक्सर खोक्याजवळ धरून ते थांबून थांबून चालवायचे, बँकवाल्या बाई परातीवर लाटणं आपटायच्या. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तक्रार घेऊन वर आले, त्यांना सगळा प्रकार समजला आणि ते पुन्हा खाली जाऊन ड्रिल मशीन घेऊन आले. ह्या सगळ्या गदारोळात एकदा तात्यांचं घोरणं ऐकू आलं.

हॉस्पिटलात मशीन चालवणारी मुलगी थकलेली होती, पण समजूतदार. तिने तात्यांना मागच्या खेपेवरून ओळखलं आणि हसू दाबलं. आत सोबत बसता येईल का म्हणून मावशीने विचारलं. केसांतल्या पिना, बांगड्या, घड्याळ, धातूचं सगळं काढून ठेवायला सांगून, दोनदा तपासून तिने मावशीला तात्यांच्या पायाशी बसू दिलं. तात्यांच्या हातात घंटीचा रबरी गोळा दिला, नको वाटलं तर दाबा. फळी आत सरकली. मावशीने त्यांच्या पायाचा अंगठा धरला.

मशीन सुरू झालं. मिक्सर, परात आणि ड्रिल एकत्र केलं तरी एवढा आवाज नव्हता. मध्येच तात्यांचं पाऊल ताठ झालं, बोटं आखडली. बोलून उपयोग नव्हता. मावशीने अंगठा नुसता दाबून धरला आणि स्वतःच श्वास सोडला. तिने मला सांगितलं की त्या वेळी सुटायची घाई तिलाच झाली होती, तात्यांच्या वतीने. पाऊल हळूहळू सैल पडलं आणि बाजूला कललं.

फळी बाहेर आली तेव्हा तात्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी ते उघडले आणि त्या मुलीला म्हणाले, "तुमच्या मशीनचं काहीतरी नीट बांधलेलं नाही. आत फार खडखडतंय."

मानेतली एक शीर दबली होती. ऑपरेशनची वेळ आली नाही. पट्टा, व्यायाम आणि जड उचलणं बंद, एवढ्यावर भागलं. उजवा हात बराच सुधारला, पण गाठ आवळण्याइतका जोर त्यात परत आला नाही. ते काम आता काकांकडे आहे. तात्या खुर्चीत बसून त्यांना सूचना देतात, ओरडतात, सोडायला लावतात, पुन्हा मारायला लावतात. काकांच्या गाठींतून मावशी आता लगेच सुटत नाही, म्हणजे काहीतरी शिकले म्हणायचे. जेवताना सासरा-सून एवढं बोलतात की काकांना भाजी मागायलासुद्धा संधी मिळत नाही.

काही दिवसांनी हॉस्पिटलातून त्या मुलीचा फोन आला. एक ट्रक ड्रायव्हर आले आहेत, धिप्पाड माणूस, दोनदा घंटी दाबून बाहेर आले, तुम्ही येऊन त्यांच्याशी जरा बोलाल का? मावशी आपलं शिवणाचं मशीन बंद करून गेली. मग आणखी एकदा कुणासाठी तरी बोलावणं आलं. आता मधूनमधून येतं. ती तिथे फार काही करत नाही. पायाशी बसते, काय काय आवाज येतील ते तोंडाने करून दाखवते, श्वास कसा सोडायचा ते सांगते, आणि माणूस ज्या कामातला असेल त्या कामाच्या गप्पा काढते.

परवा एका शाळेतल्या बाई होत्या, घामाने भिजलेल्या. त्यांनी मावशीला विचारलं, तुम्हाला नाहीच का हो कशाची भीती वाटत?

"वाटते ना," मावशी म्हणाली. "लिफ्टची. पाचव्या मजल्यावर जिन्याने आलेय, म्हणून तर एवढ्या धापा टाकतेय. थांबा, मला आधी श्वास घेऊ द्या, मग तुम्हाला सोडायला शिकवते."